अकराव्या परिच्छेदातला बैल

"पाणी घ्या साहेब," एक जण म्हणाला.

"आमचं घ्या. माठातलं हाय," दुसरा म्हणाला.

दोन तांबे एकाच वेळी माझ्यापुढं आले. डाव्या हाताला तात्या, म्हणजे वादी, ज्यानं दावा लावला तो. उजव्या हाताला आबा, म्हणजे प्रतिवादी. दोघं चुलतभाऊ. मधे मी. चैत्रातलं ऊन, एसटीतून उतरून दीड मैल पायी आलेलो, घशाला कोरड पडलेली. आणि मी म्हणालो, "दोघांचंही नको."

तांबे मागं गेले. तात्यानं आपला तांबा खाली ठेवला. आबा मात्र मला ऐकू येईल अशा बेतानं साक्षीला आणलेल्या पंचांना म्हणाला, "शिकल्याली माणसं हायती. आपलं पाणी चालत न्हाय त्यास्नी."

माझे कान तापले. कुणाच्या हातचं पाणी नाकारण्याचा त्या काळात काय अर्थ व्हायचा, हे मला कळत होतं. पण मी कोर्ट कमिशनर होतो. दाव्यातली जागा बघायला न्यायाधीश स्वतः दरवेळी शेतात जाऊ शकत नाहीत, म्हणून कोर्ट एखाद्या वकिलाला आपले डोळे म्हणून पाठवतं. त्यानं जागेवर जायचं, मोजायचं, नकाशा काढायचा, दिसेल ते लिहून आणायचं. त्याला कमिशनर म्हणायचं. हुद्दा ऐकायला मोठा, पण ज्या वकिलाकडं दुसरं काही काम नाही त्यालाच तो मिळतो.

मला बारामतीला येऊन चार महिने झाले होते. पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएल.बी. होऊन मी नाना नावाच्या जुन्या वकिलांकडं ज्युनिअर म्हणून लागलो होतो. इंदापूर तालुक्यातले दावेही बारामतीच्याच कोर्टात चालायचे. न्यायाधीशांनी या कामासाठी मला का निवडलं, तर बाकीचे सगळे वकील या ना त्या पक्षकाराचे पाहुणे निघत होते. मी कुणाचाच कुणी नव्हतो. नानांचाही या दाव्याशी संबंध नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी एवढंच बजावलं, "पक्षकाराच्या गाडीत बसायचं नाही, त्याचं पाणीही प्यायचं नाही. आणि रिपोर्ट कोर्टात पोचेपर्यंत त्यातलं अक्षर मलासुद्धा सांगायचं नाही."

मी वाढलो पुण्याच्या पेठेत. पाणी नळाला येतं, एवढी माझी माहिती. दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी काढण्याच्या हक्काला रोमन लोक काय म्हणत होते, ते मात्र मला लॅटिनमध्ये घडाघडा येत होतं. रोमन कायदा आम्हाला पहिल्या वर्षाला होता. त्या प्रश्नाला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. आता अंथुर्ण्याच्या शिवारात खरीखुरी विहीर समोर होती, आणि तिच्याकडं कुठून बघायला सुरुवात करायची हे कळेना.

भांडण तसं सरळ होतं. विहीर आजोबांच्या काळची. वाटप झालं ते तोंडी, कागद नाही. तात्याचं म्हणणं असं की विहिरीवर पहिल्यापासून दोन मोटा होत्या. पश्चिमेला आबाची, पूर्वेला माझी. दोन वर्षांपूर्वी माझ्या जोडीतला एक बैल मेला, माझाही पाय मोडला, म्हणून मोट बंद पडली. तेव्हापासून आबा त्याच्या नव्या इंजिनानं मला पाणी द्यायचा. यंदा त्यानं ते बंद केलं आणि माझी धाव बुजवून टाकली.

आबाचं म्हणणं, पूर्वेला धाव कधी नव्हतीच. पाणी दिलं ते भाऊ अडचणीत होता म्हणून. हक्क कसला?

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला जाड दोर बांधायचा, तो विहिरीच्या काठावरच्या चाकावरून घ्यायचा आणि दोन बैलांच्या जुवाला अडकवायचा. बैल विहिरीकडं पाठ करून उतारानं खाली चालत गेले की मोट भरून वर येते आणि पाटात रिकामी होते. त्या उताराला धाव म्हणतात. एवढं मला नानांच्या कारकुनानं समजावून दिलं होतं. एवढ्यावर आपलं भागेल असं मला वाटलं.

तात्याचा पानमळा होता. अर्ध्या एकराचा, नागवेलीचा. नागवेलीचं नखरेल काम असतं. चार दिवस पाणी चुकलं की पानं पिवळी पडतात, पंधरा दिवस चुकलं की वेल जातो, आणि गेलेला मळा पुन्हा उभा करायला वर्षं लागतात. मी मळ्याच्या कडेनं गेलो तेव्हा बाहेरच्या दोन ओळी वाळल्या होत्या. तात्याची बायको घागरीनं लांबच्या ओढ्यातून पाणी आणून एकेका वेलाच्या बुडाशी ओतत होती. अर्ध्या एकराला घागर. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत वाकली. दावा निकालापर्यंत जायला दोन-तीन वर्षं लागणार होती, म्हणून तात्यानं तूर्तातूर्त हुकूम मागितला होता. म्हणजे खरंखोटं शेवटी ठरवा, तोवर पाणी चालू ठेवा. तो हुकूम द्यायचा की नाही हे माझ्या रिपोर्टावर ठरणार होतं.

गावातलं कुणी तात्याच्या बाजूनं बोलेना. आबा गावच्या सोसायटीचा चेअरमन. खत पाहिजे, बी पाहिजे, तर त्याच्याच दारात जायचं. इंदापूरच्या कचेरीतून मी उतारा काढून आणला होता, त्यात विहिरीपुढं एकट्या आबाचं नाव. तो घरात थोरला, म्हणून त्याचं लागलं होतं. आणलेले दोन पंचही कधी आकाशाकडं तर कधी आपल्या वहाणांकडं बघत उभे.

मी टेप काढली. विहिरीचा घेर मोजला, खोली मोजली. पश्चिमेची धाव जागेवर होती, वापरात नव्हती तरी उतार स्पष्ट होता. ती मोजली, अडतीस फूट भरली. पूर्वेला सपाट जमीन, तिच्यात हातभर उंचीची मेथी. विहिरीच्या पूर्वेच्या काठाचे दगड बाकीच्यांपेक्षा पांढरे दिसत होते.

"हे नवीन बसवलेत?" मी विचारलं.

"पावसाळ्यात ढासळलं हुतं. दुरुस्ती केली," आबा म्हणाला.

"दुरुस्ती न्हाय. माझं मोटवण उपटलं," तात्या म्हणाला.

मी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. मोटवण म्हणजे मोटेचं चाक बसवायची विहिरीच्या काठावरची जागा, हे मागाहून कळलं; तेव्हा विचारायची मला लाज वाटली. हे कबूल करायला आता हरकत नाही.

बाराच्या सुमारास आबाच्या घरून जेवणाचा निरोप आला. मग तात्या म्हणाला, "आमच्याकडं बी भाकरी हाय, साहेब." मी दोन्हीकडं नको म्हणालो. नानांच्या घरून डबा आणला होता. आता मात्र दोघंही सारखेच दुखावले. पाहुणा विहिरीवर उपाशी बसणार आणि आपण घरी जाऊन जेवणार, हे तिथल्या माणसाला सोसत नाही. पण करतात काय? तात्या त्याच्या वस्तीवर गेला, आबा त्याच्या. पंच आबाबरोबर गेले. मी एकटा बाभळीखाली बसून पोळीभाजी खाल्ली आणि माझ्या फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी प्यालो.

शेजारच्या मळ्यात कुणाची तरी मोट चालू होती. माणूस दिसत नव्हता, पण त्याची हाक ऐकू येत होती. आधी लांब सुरात काहीतरी गाणं, मग एक हेल काढून हाक, मग चाकाची कुरकुर, मग पाणी पडल्याचा आवाज. पुन्हा गाणं. मी घड्याळ लावून बघितलं, एका खेपेला किती वेळ लागतो ते. कामाशी त्याचा काही संबंध नव्हता. मला आपली सवय.

तेवढ्यात बांधावरून एक बैल आला. म्हातारा, पांढरा, एका डोळ्यानं अधू. गळ्यात तुटका कासरा. तो बांध उतरून सरळ मेथीत शिरला.

मी उठलो आणि परत बसलो. मला कायद्याचा पेच पडला. पीक प्रतिवादीचं, ते तुडवलं जातंय. पण कमिशनरनं जागेच्या स्थितीत फेरफार करायचा नसतो. बैल हाकलणं हा फेरफार होतो का? हसू नका, मी खरोखरच दोन मिनिटं यावर विचार केला. लॉ कॉलेजात असले पेच सोडवण्यातच आमचे तास जायचे.

बैल विहिरीच्या काठाजवळ गेला आणि विहिरीकडं पाठ करून उभा राहिला. शेजारून गाणं आलं तसा तो चालू लागला. सरळ, रमतगमत नाही. मेथीच्या टोकापर्यंत गेला, थांबला, एक तोंड मेथी ओढली. मग शेजारून ती हेल काढलेली हाक आली. आणि बैल मागं सरू लागला. वळला नाही. तोंड तिकडंच ठेवून, मान थोडी वर करून, पावलं मागं टाकत टाकत पार विहिरीपर्यंत आला. काठाच्या चार हात अलीकडं थांबला.

मला वाटलं, याला काहीतरी झालंय. डोळ्यामुळं चक्कर येत असेल. पण पुन्हा गाणं आलं आणि तो पुन्हा पुढं गेला. पुन्हा हाक, पुन्हा मागं. असं पाच वेळा. सहाव्या वेळी टोकाला थांबला तो तिथंच, आणि निवांत मेथी खाऊ लागला.

आता गप्प बसवेना. मी टेप घेऊन मेथीत उतरलो. जमीन ओली होती, खूर छान उमटले होते. पहिल्या खुरापासून शेवटच्या खुरापर्यंत मोजलं. सदतीस फूट. वहीत वेळ टाकली, किती फेऱ्या ते टाकलं, हाकेचंही टाकलं. कशासाठी, ते विचाराल तर सांगता येणार नाही. कुतूहल, दुसरं काय?

जेवून सगळे परत आले तेव्हा बैल मेथीच्या टोकाला रवंथ करत उभा होता. आबानं लांबूनच हाळी दिली, "तात्या, तुझा हरण्या माझ्या मेथीत शिरलाय. काढ त्येला."

तात्या लंगडत आला, बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याला घेऊन गेला. "कासरा तोडला वाटतं," एवढंच म्हणाला. मी ते सगळं लिहिलं. पंचांच्या सह्या घेतल्या आणि संध्याकाळची एसटी पकडली.

पुढचे तीन दिवस रिपोर्ट लिहिण्यात गेले. पहिले दहा परिच्छेद झरझर उतरले. चतुःसीमा, मोजमापं, दगडांचा रंग, दोघांची विधानं. दहाव्यात मी लिहिलं की पूर्वेच्या बाजूला आज रोजी धाव दिसून येत नाही. हे लिहिताना ती घागरवाली बाई डोळ्यांपुढं आली आणि वाईट वाटलं. पण नव्हती दिसत, तर काय लिहू?

मग बैल. त्याचं काय करायचं? घालावा तर कोर्ट म्हणेल, जागा बघायला पाठवलं होतं की गुरं राखायला? गाळावा तर मनाला पटेना. आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवणारे सर एक गोष्ट दोन वर्षं आमच्या डोक्यात ठोकत होते. साक्षीदारानं काय पाहिलं ते सांगायचं, त्याला काय वाटलं ते नाही. आणि पाहिलेल्यातलं कामाचं कुठलं, बिनकामाचं कुठलं, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम. परीक्षेत मी हे कलमांसकट लिहिलं होतं. मग आता आपण ठरवणारे कोण? मी अकरावा परिच्छेद लिहिला. बैल आला, पुढं गेला, हाक आली, मागं सरला, पाच वेळा, सदतीस फूट. प्रतिवादी काय ओरडला तेही. शेवटी एक वाक्य घातलं, "बैलाच्या या वागण्याचे कारण मला समजले नाही." रिपोर्ट पाकिटात घालून लाखेनं बंद केला आणि शिरस्तेदारांच्या हवाली केला. नानांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्या वाक्यानं झोप नीट लागेना. एलएल.बी. झालेला माणूस कोर्टाला लिहून देतो की समजलं नाही, हे बरं दिसत नाही असं वाटत राहिलं.

तारखेला कोर्टात गर्दी होती. मागच्या बाकांवर अंथुर्ण्याची पंधरा-वीस माणसं, त्यातले बरेच आबाच्या बाजूचे. आमचे न्यायाधीश रत्नागिरीकडचे, नुकतेच बदलून आलेले. तात्याला वकिलाची फी झेपत नव्हती, तो स्वतःच उभा होता. आबानं पुण्याहून नामांकित वकील आणले होते. काळा कोट कडक, इंग्रजी त्याहून कडक. त्यांनी दहावा परिच्छेद ऐकला आणि समाधानानं मान हलवली. मग न्यायाधीशांनी अकरावा मराठीत वाचायला घेतला, कारण पक्षकारांना कळावं अशी त्यांची पद्धत होती.

मेथीत बैल शिरला इथं मागचे बाक हसले. एक तोंड मेथी ओढली इथं जास्त हसले. मग 'मागे सरला' हे शब्द आले, आणि हसणं एकदम थांबलं. कुणीतरी खोकलं. मी मागं वळून बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी काय मोठं केलं ते मला कळेना. आबा खाली बघत होता.

पुण्याचे वकील उठले. "या कमिशनरांची मला उलटतपासणी घ्यायची आहे." मला पिंजऱ्यात उभं केलं. वकील झाल्यावर चार महिन्यांत मी पिंजऱ्यात पोचलो होतो.

"आपण कायद्याचे पदवीधर आहात?"

"हो."

"कोर्टानं आपल्याला जागेची पाहणी करायला सांगितली होती. बैलाची नव्हे. बरोबर?"

"बरोबर."

"बैल वादीनं मुद्दाम सोडला होता, असं माझं म्हणणं आहे."

"सोडताना मी पाहिलं नाही. वादी तेव्हा त्याच्या घरी जेवायला गेला होता."

"मग वादीच्या माणसानं शेजारून हाका मारल्या."

"शेजारच्या मळ्यात मोट चालू होती. ती मी यायच्या आधीपासून चालू होती. मळा कुणाचा, ते मला माहीत नाही."

"त्यो म्हादूचा मळा," मागून कुणीतरी बोललं. पट्टेवाल्यानं त्याला गप्प केलं. म्हादू हा आबाचा मेव्हणा, हे मला नंतर कळलं.

"म्हणजे एका बैलावरून आपण कोर्टाला सुचवताय की तिथं धाव होती?"

"मी काहीच सुचवत नाही. दहाव्या परिच्छेदात लिहिलंय, धाव दिसली नाही."

"मग बैल मागं का सरला?"

"मला माहीत नाही."

"आज तरी माहीत आहे?"

"आजही नाही."

"ज्याचा अर्थ आपल्याला कळत नाही, ते आपण रिपोर्टात घातलं कशाला?"

"दिसलं म्हणून."

मागच्या बाकांवर पुन्हा कुजबुज झाली. वकील विजयी मुद्रेनं खाली बसले. त्यांनाही ते माहीत नव्हतं हो. तेही माझ्यासारखेच नळाचं पाणी प्यालेले. न्यायाधीश कोकणातले, तिकडं पाणी काढायची रीत वेगळी. आम्ही तिघं कायदा शिकलेले त्या खोलीत होतो आणि आम्हा तिघांनाच काय चाललंय ते कळत नव्हतं. बारामतीचा कुठलाही वकील असता तर त्यानं हे प्रश्न विचारले नसते.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मागच्या बाकांकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "प्रतिवादीला बोलवा."

आबा पिंजऱ्यात आला. फेटा नीट केला, शपथ घेतली.

"तुम्ही किती वर्षं मोट चालवली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कळतंय तसं. तीस-पस्तीस वर्सं."

"बैल उतारानं खाली गेले, मोट वर आली, पाणी पडलं. पुढं काय करतात?"

"पुढं बैल माघारी येत्यात."

"वळवून आणता?"

आबाला प्रश्नाचंच नवल वाटलं. शेतकऱ्याला असं कुणी विचारत नाही. "वळवायचं कशाला, साहेब? दोर गुंततंय की. मागं मागंच येत्यात. हाक दिली की आपसूक मागं सरत्यात. मोट खाली जाती, पाण्याला टेकली की थांबत्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भर कोर्टात, सगळ्यांत शेवटी.

"धाव किती लांब ठेवतात?"

"हीर जेवढी खोल तेवढी."

न्यायाधीशांनी रिपोर्टाची पानं मागं उलटली, पुढं उलटली. "तुमची पश्चिमेची धाव अडतीस फूट. बैल मागं सरला ते सदतीस फूट." ते अंतर मी स्वतः मोजलं होतं, स्वतः लिहिलं होतं, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"वादीचा हा हरण्या बैल तुमच्या पश्चिमेच्या मोटेला कधी जुंपला होता?"

"न्हाय. त्येचा बैल आमच्या मोटेला कशाला?"

"दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर?"

"न्हाय. तात्यानं कधी भाड्यानं बैल दिला न्हाय. वासरू हुतं तवापासनं हितंच हाय."

"मग हा बैल मागं सरायला कुठं शिकला?"

पुण्याचे वकील उठून काहीतरी म्हणाले. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसवलं. आबानं पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्यानं मागच्या बाकांकडं बघितलं. तिथं त्याच्याच बाजूनं आलेली माणसं बसली होती, आणि त्यातलं एकही त्याच्याकडं बघत नव्हतं. 

"मला सांगा," न्यायाधीश म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"तितंच शिकला, साहेब," आबा म्हणाला. "उगवतीच्या धावंवर. मीच शिकिवला त्येला. तात्या तवा आजारी हुता." मग म्हणाला, "बैलाला कसं खोटं पाडू?"

 तात्या बाकावर बसला होता, तो उठून उभा राहिला आणि पट्टेवाल्यानं खूण केल्यावर परत बसला. त्याला रडू येत होतं, ते त्यानं लपवलं नाही.

तूर्तातूर्त हुकूम त्याच दिवशी झाला. तात्याची धाव आबानं स्वखर्चानं पूर्ववत करून द्यायची, आणि ती होईपर्यंत इंजिनानं दिवसाआड पाणी द्यायचं. आबानं पहिलं पाणी हुकमाची नक्कल मिळायच्या आधीच सोडलं, असं बेलीफानं सांगितलं. बाहेरच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. बाकी पानमळा वाचला. मूळ दावा दोघांनी पुढं आपसांत मिटवला.

संध्याकाळी ऑफिसात मी नानांना सगळं सांगितलं, आता सांगायला हरकत नव्हती. मी जरा नाराजच होतो. म्हटलं, "नाना, पाच वर्षं कॉलेजात घालवली. मोटेचा बैल मागं चालतो एवढं कुणी शिकवलं असतं तर अशी शोभा झाली नसती. जागेवरच ओळखलं असतं."

"ओळखून काय केलं असतंस?"

"लिहिलं असतं, की बैलाच्या वागण्यावरून पूर्वेला धाव होती हे सिद्ध होतं."

"आणि उलटतपासात?"

मी विचार केला. पिंजऱ्यातले ते प्रश्न पुन्हा आठवले. वकिलांनी विचारलं असतं, तुम्हाला मोटेचं ज्ञान आहे? हो. वादीच्या बायकोला घागरीनं पाणी घालताना पाहिलंत? हो. दया आली? हो. मग बैलाची ही गोष्ट कशावरून रचली नाही?

"फाडून खाल्लं असतं," मी म्हणालो.

"तुला अर्थ माहीत नव्हता, म्हणून तू रचलंस असं कुणाला म्हणता आलं नाही," नाना म्हणाले. "ज्याला मोटच माहीत नाही तो असं खोटं कुठून आणील? तुझं अज्ञान कामी आलं. पण रोज येईल असं समजू नकोस. उद्या सकाळी कुणाच्या तरी मळ्यात जा आणि मोट बघून ये."

मी गेलो. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत ऊस, गुऱ्हाळ, पाट, फळबाग, ट्रॅक्टर, जे जे दाव्यात आलं ते ते आधी जाऊन बघत राहिलो. लॉ कॉलेजची मुलं अधूनमधून भेटायला येतात आणि विचारतात, कॉलेजात शिकलेलं प्रॅक्टिसमध्ये कितपत उपयोगी पडतं? मी म्हणतो, मला विहीर कुणी शिकवली नाही, पण न कळलेलं खोडू नये हे शिकवलं. तेवढं पुरतं का, असं ती विचारतात. पुरत नाही. पण त्या चैत्रात ते एका पानमळ्याला पुरलं.